अचेबे यांचे निदान आणि क्लाराचा प्रश्न

चिनुआ अचेबे यांची 'द ट्रबल विथ नायजेरिया' ही छोटेखानी पुस्तिका १९८३ साली एनुगू येथून प्रसिद्ध झाली. ते नायजेरियात निवडणुकीचे वर्ष होते. तेलाचा पैसा आलाही होता आणि जिरलाही होता. अशा वेळी एका मोठ्या कादंबरीकाराने कादंबरी बाजूला ठेवून थेट आपल्या देशबांधवांशी बोलायचे ठरविले आणि पुस्तिकेच्या आरंभीच निकाल देऊन टाकला. देशाची माती, हवापाणी, माणसांचा पिंड यांपैकी कशातही खोट नाही, खोट आहे ती पुढाऱ्यांत, असा तो निकाल. चाळीस वर्षांहून अधिक काळ नायजेरियातील सुशिक्षित माणूस तो उच्चारीत आला आहे. त्या देशावर नवे संकट कोसळले की कुणीतरी अचेबे यांचे नाव घेतोच.

आणि संकटे थोडी नाहीत. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री बोर्नो प्रांतातल्या चिबोक येथील शाळेतून बोको हरामच्या लोकांनी २७६ मुली पळवून नेल्या. दहा वर्षे लोटली तरी त्यांतल्या ऐंशीहून अधिक परतल्या नव्हत्या. डिसेंबर २०२० मध्ये कात्सिना प्रांतातील कान्कारा येथून तीनशेहून अधिक शाळकरी मुलगे पळविले गेले. देशाचे अध्यक्ष त्या वेळी त्याच प्रांतात, आपल्या मूळ गावी मुक्कामाला होते. मार्च २०२२ मध्ये आबुजाहून कादुनाला जाणारी आगगाडी अडवून प्रवासी ओलीस धरले. उत्तरेकडे खंडणीसाठी माणसे पळविणे हा धंदाच होऊन बसला. शेतकरी शेतावर जायला भितो आणि बाप मुलीला शाळेत धाडायला भितो. २०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे २७ टक्के लोकांनीच मतदान केले. एवढे हताश झालेले लोक पुढाऱ्यांना शिव्या देणार नाहीत तर काय करतील?

तरीही हे निदान मला अपुरे वाटते. त्याचे उत्तर राजकारणाच्या अभ्यासकाकडे शोधण्याची गरज नाही. खुद्द अचेबे यांच्या कादंबऱ्यांनी ते देऊन ठेवले आहे. पुस्तिका लिहिणारे अचेबे आणि कादंबरी लिहिणारे अचेबे यांच्यात एक अंतर आहे. दलित साहित्याच्या वाचकाला ते चटकन दिसावे, असे ते अंतर आहे.

प्रथम पुस्तिकेचे श्रेय तिला दिले पाहिजे. माणसांच्या स्वभावातच खोट आहे, हे लोक मुळातच असे, हा गोऱ्या साहेबाचा लाडका सिद्धान्त होता. 'नो लाँगर ॲट ईझ' या अचेबे यांच्या १९६० च्या कादंबरीत मिस्टर ग्रीन नावाचा अधिकारी आहे. आफ्रिकी माणूस आतून बाहेरून भ्रष्ट आहे असे त्याचे ठाम मत आहे, आणि त्यासाठी तो उष्ण हवेपासून रोगराईपर्यंत सगळ्यांना साक्षीला बोलावतो. अचेबे यांची पुस्तिका या ग्रीनला दिलेले प्रत्युत्तर आहे. जन्मजात दोषाची भाषा आपल्याला कुणी शिकवायला नको. गलिच्छपणा, आळस, बुद्धीचा अभाव हे सारे आपल्या रक्तात आहे असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. म्हणून लोकांच्या माथ्यावरचे खापर काढून सत्ताधाऱ्यांच्या माथी मारणाऱ्या अचेबे यांच्याबद्दल मला आदर आहे.

पण पुढारी वाईट म्हणून देश वाईट, असे एकदा मानले की पुढची पायरी ठरलेली असते. चांगला पुढारी आणा! पुस्तिका निघाली त्याच वर्षी ३१ डिसेंबरला लष्कराने सत्ता घेतली आणि मेजर जनरल मुहम्मदू बुहारी राष्ट्रप्रमुख झाले. अचेबे यांच्या पुस्तिकेत बेशिस्तीवर एक स्वतंत्र प्रकरण होते. बुहारींच्या राजवटीने १९८४ मध्ये बेशिस्तीविरुद्ध युद्धच पुकारले. बसच्या थांब्यावर लोकांना रांगेत उभे करण्यासाठी सैनिक चाबूक घेऊन उभे राहू लागले. याचा दोष मी अचेबे यांना देत नाही. चाबूक त्यांनी मागितला नव्हता. परंतु ज्यांनी तो हाती घेतला तेही शिस्त आणि नेतृत्व याच शब्दांत बोलत होते. पुढे २०१५ साली चिबोकच्या दुःखाने होरपळलेल्या मतदारांनी गादीवरच्या अध्यक्षाला मतपेटीतून खाली उतरविले. त्या देशात असे प्रथमच घडत होते. आणि निवडून कोणाला दिले? त्याच बुहारींना; कारण ते करारी होते, हात स्वच्छ होते, सैन्य जाणत होते. कान्काराची मुले पळविली गेली तेव्हा अध्यक्ष तेच होते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जो इशारा दिला तो इथे आठवतो. राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे ते म्हणाले होते. त्याआधी १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलतानाही त्यांनी विभूतिपूजेचा समाचार घेतला होता. पुढाऱ्यावरचा राग आणि पुढाऱ्याची भक्ती या दोन वेगळ्या वृत्ती आहेत असे आपण समजतो. मला त्या एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. दोहोंतही माणूस वरच बघत असतो. शेजारी कोण उभा आहे, कोणाला शेजारी उभेच राहू दिलेले नाही, इकडे त्याची नजर जात नाही.

आता 'नो लाँगर ॲट ईझ'कडे वळतो. ओबी ओकोन्क्वो हा उमुओफिया गावचा मुलगा. गावच्या लोकांनी वर्गणी काढून, आठशे पौंड कर्जाऊ देऊन त्याला विलायतेस धाडले. गावाला वकील हवा होता, जमिनीचे दावे लढणारा. हा इंग्रजी वाङ्मय शिकून आला. (वाडी-वस्तीतून निघालेल्या आमच्यासारख्या पहिल्या पदवीधरांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.) विलायतेत असतानाच ओबीने एक सिद्धान्त मांडलेला असतो. सरकारी खात्यांतली लाचलुचपत वरच्या जागांवरील जुन्या माणसांमुळे आहे, विद्यापीठात शिकलेले तरुण तिथे आले की ती जाईल. म्हणजे खुर्चीवरची माणसे बदला, देश सुधारेल. जे निदान पुस्तिकेत अचेबे स्वतःच्या आवाजात करतात, त्याच्याच जातीचे निदान तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी एका कोवळ्या तरुणाच्या तोंडी घातले होते, आणि सबंध कादंबरी खर्ची घालून ते खोटे पाडले होते. ओबी स्वतःच लाच घेताना पकडला जातो.

कादंबरी कोर्टातच सुरू होते. एवढा शिकलेला, एवढा उमदा मुलगा असे का करील, हा प्रश्न न्यायाधीशाला पडतो, गोऱ्या साहेबांना पडतो. गावकऱ्यांना निराळेच दुःख आहे, अवघ्या वीस पौंडांसाठी पोरगा अडकला! उत्तर कोणाजवळच नाही. ज्या एका व्यक्तीजवळ ते थोडेफार असू शकले असते ती कोर्टात नाही. तिचे नाव क्लारा.

क्लारा परिचारिका आहे, विलायतेत शिकलेली आहे, आणि ती ओसू आहे. इग्बो समाजात ओसू म्हणजे देवाला वाहिलेला माणूस आणि त्याची वंशावळ. त्याने स्वतंत्र माणसाच्या घरी सोयरीक करायची नाही, देवस्थानच्या आसपास राहायचे, केस कापायचे नाहीत. 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये (१९५८) दोन ओसू चर्चमध्ये येतात तेव्हा नवख्रिस्ती मंडळीच बिथरतात. मिस्टर कियागा हा आफ्रिकी धर्मोपदेशक मात्र ठाम राहतो आणि त्या दोघांना आधी डोक्यावरचा तो गुंता उतरवायला सांगतो. केस काढले तर आपण मरू, असे त्यांना वाटते. ते मरत नाहीत. यल्लम्माला सोडलेल्या आपल्या बायकांच्या डोक्यावरची जट ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हे पान वाचावे. जट कापण्याआधीची भीती तीच, आणि कापल्यावर मान हलकी होते तीही तशीच. पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने ओसू प्रथा कायद्याने रद्द केली ती १९५६ साली. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला होता आणि त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली.

कायद्यानंतर चार वर्षांनी आलेल्या कादंबरीत ओबी क्लाराशी लग्न करू पाहतो. मित्र अडवतो, गावच्या संघटनेचा अध्यक्ष भर सभेत टोचतो. ओबीचा बाप धर्मप्रचारक ख्रिस्ती. हाच पहिल्या कादंबरीतील न्वोये, जो स्वतःच्या बापाचे घर आणि देव सोडून नव्या धर्मात गेला होता. ज्या धर्माने ओसूंना पंक्तीत घेतले त्या धर्माचा हा प्रचारक, मुलाचे लग्न निघताच ओसूपणाला कुष्ठरोगाची उपमा देतो आणि नातवंडांच्या सोयरिकींची चिंता करू लागतो. आई तर आपल्या हयातीत हे लग्न केलेस तर जीव देईन असे बजावते. ओबी मोडतो. क्लारा अंगठी परत करते. तिच्या पोटात मूल असते, ते पाडण्यासाठी पैसे उभे करावे लागतात. मग तिचे आजारपण, रुग्णालय, वाढते कर्ज, आईचा मृत्यू, आणि त्या पाठोपाठ लाच. अचेबे हे सारे कार्यकारणाची दोरी ताणून बांधीत नाहीत, ते तसले लेखक नाहीत. पण क्रम हाच आहे. जातीपुढे गुडघे टेकल्यानंतरच ओबीचा हात पाकिटाकडे जातो. मुख्य लढाई हरलेल्या माणसाला लहान लढाया लढण्याचे कारण उरत नाही.

१९८३ च्या पुस्तिकेत दहा प्रकरणे आहेत. टोळीभेद आहे, सामाजिक अन्याय आहे, बेशिस्त आहे, भ्रष्टाचार आहे, इग्बोंच्या प्रश्नावर वेगळे प्रकरण आहे. ओसूंवर प्रकरण नाही. कादंबरीत ज्या गाठी एकात एक अडकल्या होत्या त्या पुस्तिकेत सुट्या झाल्या आणि त्यांतली एक हातातून निसटली. असे का झाले असावे? इग्बोंनी १९६६ मध्ये उत्तरेत आपल्या माणसांच्या कत्तली पाहिल्या, पुढे बियाफ्राचे युद्ध भोगले. अचेबे त्यात बियाफ्राच्या बाजूने उभे होते. बाहेरून एवढा मार खाल्लेला समाज आतल्या भेगेविषयी मूक होतो. हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडेही स्वराज्याच्या चळवळीला 'आधी इंग्रज, मग अस्पृश्यता' असे म्हणण्याची सोय होतीच.

इथे असुरक्षिततेचा अर्थ तपासला पाहिजे. नायजेरियातील मध्यमवर्ग ज्या असुरक्षिततेने त्रस्त आहे ती खरी आहे, रक्ताची आहे. ती राज्ययंत्रणा कोलमडल्यामुळे आली आहे. परंतु क्लाराच्या वाट्याला जे येते ते काहीही कोलमडल्यामुळे येत नाही. बाप प्रेमळ आहे, आई देवभोळी आहे, गावची संघटना एकदिलाची आहे. सगळे सुरळीत चालू आहे, म्हणूनच तिला जागा नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली तेव्हा महाराष्ट्रात कसलेही यादवी युद्ध नव्हते. ग्रामपंचायत होती, पोलीस होते, निवडणुका वेळेवर होत होत्या. पहिल्या असुरक्षिततेवर चांगला पुढारी हा निदान अर्धामुर्धा उतारा होऊ शकेल. दुसरीला पुढाऱ्याची निवड काय करणार? आणि मला अधिक खटकते ते हे की पहिली आली म्हणजे तिला राष्ट्राचे संकट म्हणतात आणि दुसरीला स्थानिक प्रकरण.

अचेबे यांना हे कळत नव्हते असे म्हणणे उद्धटपणा होईल. १९८७ च्या 'अँटहिल्स ऑफ द सव्हाना'त त्यांनी पुस्तिकेच्या पुढे पाऊल टाकले आहे. एका कल्पित देशात एकाच शाळेत शिकलेले तीन मित्र, एक हुकूमशहा, एक मंत्री, एक संपादक. तिघेही बुद्धिमान, तिघेही नष्ट होतात. मंत्री ख्रिस मरतो तो रस्त्यावर. एक पोलीस हवालदार एका मुलीला ओढून नेत असतो, ख्रिस मध्ये पडतो, हवालदार गोळी घालतो. रक्षक म्हणून उभा केलेला माणूसच भक्षक होतो. दरोडेखोरांविरुद्ध १९९२ साली उभारलेल्या पोलीस पथकाविरुद्ध ऑक्टोबर २०२० मध्ये नायजेरियाचे तरुण रस्त्यावर उतरले आणि २० तारखेला लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर त्यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा ही कादंबरी तेहेतीस वर्षांची झाली होती. कादंबरीच्या अखेरीस एका बाळाचे बारसे आहे. बाळाची आई दुकानात काम करणारी अर्धशिक्षित मुलगी. नाव ठेवायचा मान वडीलधाऱ्या पुरुषाचा, तो बायका घेतात. पुढारी असा तिथे कोणीच नाही.

तरी एक तक्रार उरते आणि ती आपल्या साहित्याच्या भूमिकेवरून करायलाच हवी. क्लाराच्या आईबापांच्या घरात अचेबे एकदाही शिरत नाहीत. ओबीच्या आईचे स्वप्न सांगितले जाते, बापाचे तरुणपण सांगितले जाते. ओसू घरात जन्मलेल्या मुलीला विलायतेपर्यंत कोणी पोचविले, कोणी पोटाला चिमटा घेतला, यावर शब्द नाही. ती रुग्णालयात जाते, ओबीला भेटायला नकार देते आणि कादंबरीतून निघून जाते. सहानुभूती इथवरच पोचते. क्लाराने स्वतः लिहिले असते तर ती कादंबरी कोर्टात सुरू झाली नसती, हे नक्की.

इंग्रजीच्या पदव्युत्तर वर्गांत आपण 'थिंग्ज फॉल अपार्ट' शिकवतो. गोऱ्यांनी आफ्रिकी संस्कृती कशी मोडली एवढेच विद्यार्थी त्यातून टिपून घेतात, कारण परीक्षेत तेच विचारले जाते. ओसूंच्या केसांचे पान दहा मिनिटांत उरकले जाते. तिच्या जोडीला 'नो लाँगर ॲट ईझ' लावावी, आणि मराठीच्या वर्गातही ती वाचली जावी असे मला वाटते. आपल्या मुलामुलींना ओबीचा बाप ओळखू येईल. तो त्यांनी अनेकदा पाहिला आहे, बहुधा स्वागत समितीच्या पहिल्या रांगेत.