‘इव्हॅल्युएट’चे मराठी आणि आपला लाल पेन

कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेल या चारही बाजूंचे रस्ते शीळफाट्याला येऊन मिळतात. या रस्त्यांवर रात्रंदिवस मालाचे ट्रक धावत असतात आणि परिसरात भंगाराच्या वखारीही पुष्कळ आहेत. भंगाराचा ट्रक आधी वजनकाट्यावर भरलेला चढतो, मग रिकामा. दोन आकड्यांची वजाबाकी केली की मालाचे वजन मिळते. पण व्यवहार तिथे संपत नाही. वखारवाला ढिगात हात घालतो, एखाद्या तुकड्याला लोहचुंबक लावून पाहतो, दुसऱ्यावर कानस मारून आतला रंग बघतो. पितळ आहे की वरून नुसता मुलामा, हे कळल्यावरच तो भाव बोलतो. काट्याने केले ते मोजणे, वखारवाल्याने केले ते पारखणे.

या दुसऱ्या कामाला इंग्रजीत ‘इव्हॅल्युएट’ असे क्रियापद आहे. आपण त्याचे भाषांतर ‘मूल्यमापन करणे’ असे केले. माझी तक्रार अशी की, या भाषांतराने काट्यालाच वखारीचा मालक करून टाकले.

मूळ इंग्रजी शब्द कुठून आला ते पाहू. लॅटिनमध्ये ‘व्हालेरे’ म्हणजे बळकट असणे, धडधाकट असणे. त्यावरून योग्यतेचे असणे, किमतीचे असणे. ‘व्हॅल्यू’ हा शब्द त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आजारातून उठणाऱ्या माणसासाठीचा ‘कॉन्व्हलेसन्ट’, ग्राह्य या अर्थाचा ‘व्हॅलिड’ आणि आपण विज्ञानाच्या तासाला रोज वापरतो तो ‘व्हॅलन्सी’ म्हणजे संयुजा, हे सारे त्याच कुळातले. संयुजा म्हणजे अणूची इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता. तिथे ‘किंमत’ हा अर्थ नाही, ‘बळ’ हा जुना अर्थ टिकून आहे. ‘इव्हॅल्युएट’ हे क्रियापद मात्र तसे नवे आहे. ‘इव्हॅल्युएशन’ हे नाम अठराव्या शतकात इंग्रजीत आढळते. क्रियापद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले.

या क्रियापदाकडे दोन कामे आहेत. गणितात ‘x = ४ असताना x² − २x ची किंमत काढा’ असे आपण म्हणतो, तिथे इंग्रजी पुस्तकात ‘इव्हॅल्युएट’ असते. उत्तर ८, त्यात मत देण्यासारखे काही नाही. दुसरे काम म्हणजे पुरावा तपासून एखादी गोष्ट कितपत चांगली, कितपत विश्वासार्ह, हे ठरवणे. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडली, तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर हे दुसरे काम होते. २००१ च्या सुधारित मांडणीत नामांची क्रियापदे झाली, ‘इव्हॅल्युएट’ पाचव्या पायरीवर आले आणि नवनिर्मिती सर्वांत वर गेली. म्हणजे एकच शब्द बेरजेलाही चालतो आणि न्यायनिवाड्यालाही. इंग्रजीचा घोटाळा तिथेच सुरू होतो; आपण तो भाषांतरात पक्का केला.

कसा, ते व्याकरणच सांगते. ‘मूल्यमापन’ हा तत्पुरुष समास. तत्पुरुषात दुसरे पद प्रधान असते. म्हणजे मुख्य काम मापन; मूल्य नुसते विशेषण म्हणून पुढे उभे. ‘मूल्यांकन’ म्हणावे तर तिथे अंकन प्रधान! याउलट आपण जिला घाबरून हद्दपार करू पाहतो ती ‘परीक्षा’ म्हणजे परि + ईक्ष्, चहूबाजूंनी पाहणे. ‘पारख’ही तिचीच लेक. (केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचे नाव इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘परख’ असे केले आहे. शब्द चांगला सापडला, पण तो आद्याक्षरांच्या मागच्या दाराने यावा लागला.)

इंग्रजीतला दुसरा शब्द ‘असेस’. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘शेजारी बसणे’ आहे: न्यायाधीशाच्या शेजारी बसणारा साहाय्यक, पुढे कर ठरवणारा. प्रशिक्षणांत हे ‘शेजारी बसणे’ मुलाच्या शेजारी बसणे म्हणून मोठ्या प्रेमाने सांगितले जाते. व्युत्पत्ती खरी, पण बसणारा कराच्या वसुलीला बसला होता हे सांगायचे राहून जाते. मराठीत त्याला ‘आकारणी’ म्हणतात. शीळच्या परिसरातल्या जमिनीचा सातबारा काढून पाहा: त्यावरचा ‘आकार’ बहुधा काही रुपयांचा असतो. त्याच जमिनीचा रेडी रेकनरचा दर वेगळा आणि बाजारभाव आणखी वेगळा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासूनचा २१ किलोमीटरचा बोगदा शीळफाट्याला संपतो. अशा ठिकाणी या तीन आकड्यांतले अंतर काय असेल, ते शेतकऱ्यालाच विचारावे. जमीन तीच, क्षेत्रफळ एकदाच मोजलेले. आकडे बदलतात ते कोण, कशासाठी विचारतो आहे यावर.

आता आपल्या शाळेत येऊ. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात ‘फॉर्मेटिव्ह’ला ‘आकारिक’ हा शब्द मिळाला. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये ही संज्ञा वापरली तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते गोष्ट घडत असतानाच, ती सुधारण्यासाठी केलेली तपासणी. मराठी कानाला मात्र ‘आकारणे’ म्हटले की दंड आठवतो नाहीतर घरपट्टी. ‘घडणीतली पारख’ असे कोणी म्हटले असते तर? चुलीवरच्या भाताचे शीत आपण बोटाने दाबून पाहतो ते भाताला गुण देण्यासाठी नव्हे. कच्चा असेल तर आणखी शिजू देण्यासाठी. प्रत्यक्षात आठ तंत्रांचे आठ रकाने झाले, रकान्यांची बेरीज झाली, बेरजेची श्रेणी झाली. वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, तर तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळू लागल्या.

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी माझेच सांगतो. दोलकाच्या प्रयोगावरून गुरुत्वत्वरण काढायचे होते. एका गटाचे उत्तर आले ९.४, दुसऱ्याचे बरोबर ९.८. मी पहिल्या गटाला दहापैकी सहा दिले, दुसऱ्याला दहा. वह्या परत करताना सहज चाळल्या. पहिल्या गटाने वीस आंदोलनांचा वेळ तीनदा मोजला होता आणि तिन्ही वाचने लिहिली होती, सरासरी २८.९ सेकंद. दोऱ्याची लांबी ५० सेंटिमीटर. गोळ्याची त्रिज्या २ सेंटिमीटर, तीही लिहिलेली, फक्त लांबीत मिळवायची राहिलेली. ५० च्या जागी ५२ घालून पाहा: उत्तर ९.८ येते. दुसऱ्या गटाच्या वहीत एकच वाचन होते, आणि त्यातून गणित केले तर ९.८ येतच नव्हते.

माझा काटा बिघडलेला नव्हता. उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी ताडून पाहायचे, हे त्याने चोख केले. गुण नकोतच, असेही मी म्हणणार नाही; वजनकाटा नसेल तर वखारवाला मर्जीतल्या गिऱ्हाइकाला झुकते माप देईल, आणि शिक्षकांची मर्जी कशी चालते हे आपण सगळे विद्यार्थी असताना पाहिलेले आहे. पण वही उघडून वाचण्याचे काम काटा करत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वह्या नावे झाकून वर्गात ठेवल्या आणि मुलांनाच विचारले, तुम्ही कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवाल? पाच मिनिटे ९.८ चीच बाजू जोरात होती. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, पहिल्यांची चूक कुठे आहे ते सापडतं. दुसऱ्यांची सापडतच नाही.” मी तिला कोणत्या रकान्यात किती गुण द्यायचे ते शोधत बसलो.