लेनाला कुणी विचारलं होतं का?



संशोधनातली संमती म्हटलं की आपल्याला रक्ताचे नमुने, प्रश्नावली, एथिक्स कमिटीचा फॉर्म हे सगळं आठवतं. "आमचं काम कॉम्प्युटरवर, आम्हाला काय त्याचं?" असं इमेज प्रोसेसिंगवाले म्हणतात. मीही म्हणायचो. म्हणून आज एका फोटोबद्दल बोलू. उघडा खांदा, पिसं लावलेली हॅट, मागे वळून बघणारी तरुणी. तुम्ही तो नक्की कुठेतरी पाहिला असेल. पुस्तकांत त्याचं नाव 'लेना'.

१९७३ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अलेक्झांडर सॉचुक आणि सहकाऱ्यांना एका पेपरसाठी नवा फोटो हवा होता, शक्यतो माणसाचा चेहरा. तेवढ्यात कुणीतरी प्लेबॉय मासिकाचा अंक घेऊन आलं. नोव्हेंबर १९७२ च्या त्या अंकात लेना फोर्सेन या स्वीडिश मॉडेलचा नग्न फोटो होता. त्यांच्या स्कॅनरवर एका इंचात १०० रेषा यायच्या आणि त्यांना ५१२ बाय ५१२ चं चित्र हवं होतं. म्हणून फोटोचा वरचा ५.१२ इंचाचा भाग घेतला, म्हणजे खांद्यापर्यंतचा. पुढची जवळपास पन्नास वर्षं कॉम्प्रेशन, डीनॉइझिंग, एज डिटेक्शन, सगळं याच चेहऱ्यावर तपासलं गेलं.

यावर नेहमीचा बचाव असा: तिनं फोटो स्वतःहून काढू दिला, पैसे घेतले, मग प्रश्नच कुठे येतो? मला इथंच खरी गफलत वाटते. संमती कुणाला आणि कशासाठी दिली, हा तिचाच भाग असतो. तिनं एका मासिकाच्या एका अंकासाठी होकार दिला होता. जगभरच्या वर्गांत आपला चेहरा 'टेस्ट इमेज' म्हणून फिरेल, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या कायद्यालाही हा फरक कळतो. २०१३ साली भारतीय दंड संहितेत आलेलं कलम ३५४-सी (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७७) सांगतं की बाईनं खासगी क्षणाचा फोटो काढायला संमती दिली असली, तरी तो तिच्या संमतीशिवाय पसरवणं गुन्हा आहे. लेनाचा फोटो छापण्यासाठीच होता, त्यामुळे हे कलम तिला जसंच्या तसं लागू होत नाही. तत्त्व मात्र तेच: एका गोष्टीला 'हो' म्हणजे सगळ्याला 'हो' नाही.

आता दुटप्पीपणा बघा. १९९१ साली 'ऑप्टिकल इंजिनिअरिंग' या नियतकालिकानं हा फोटो मुखपृष्ठावर छापला, तेव्हा प्लेबॉयनं कॉपीराइटची हरकत घेतली आणि संपादकांनी ती लगेच गांभीर्यानं घेतली. म्हणजे फोटोचा मालक कोण, हे विचारायचं सुचलं. फोटोतल्या बाईला विचारायचं सुचलं नाही.

१९९६ साली इमेज प्रोसेसिंगच्या एका आघाडीच्या नियतकालिकाचे संपादक डेव्हिड मन्सन यांनी या फोटोवर टिपण लिहिलं. लोकप्रियतेची दोन कारणं त्यांनी दिली. एक, त्यात बारकावे, सपाट भाग, छटा, पोत यांचं छान मिश्रण आहे. दोन, तो आकर्षक बाईचा फोटो आहे आणि या क्षेत्रात बहुतेक पुरुष आहेत. दुसरं कारण उघडपणे मान्य केलं, हा प्रामाणिकपणाच. पण बंदी काही घातली नाही.

याच्या उलट उदाहरण २०१३ चं. डीॲना नीडेल आणि रेचेल वॉर्ड या दोन गणितज्ञांनी आपल्या पेपरमध्ये फाबियो या पुरुष मॉडेलचा फोटो वापरला. वापरण्याआधी त्याच्या एजंटकडून परवानगी घेतली. एक विनंती पाठवायची, एवढंच काम होतं.

"पण लेनाची तक्रार कुठे होती?" हाही मुद्दा येतो. खरंय, १९९७ साली ती एका इमेजिंग परिषदेला पाहुणी म्हणून हौसेनं गेली होती. पण नंतरचा मोठेपणा म्हणजे आधीची संमती नव्हे. २०१९ च्या 'लूझिंग लेना' माहितीपटात तर तिनंच सांगितलं की आता तंत्रज्ञानातूनही निवृत्त व्हायची वेळ झाली. १ एप्रिल २०२४ पासून आयईईई कॉम्प्युटर सोसायटी हा फोटो असलेले पेपर घेत नाही.

माझंही सांगतो. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी लेनाच वापरली. जास्त रिझोल्यूशनचा फोटो शोधताना लॅबच्या स्क्रीनवर मूळ पूर्ण फोटो उघडला. आम्ही मुलं हसलो. शेजारच्या टेबलावरची वर्गमैत्रीण काही न बोलता सामान उचलून बाहेर गेली. व्हायव्हात मला पीएसएनआर किती आला एवढंच विचारलं गेलं. फोटो कुठून आणला, हे ना परीक्षकांनी विचारलं, ना मी स्वतःला.

म्हणून डेटासेट उतरवण्याआधी तीन प्रश्न वहीत लिहा. यातल्या माणसानं होकार दिलाय का? कशासाठी दिलाय? आणि हाच फोटो माझ्या घरच्या कुणाचा असता, तर मी असाच वापरला असता का? पर्याय हवा असेल तर सायकिट-इमेजमध्ये नासाच्या अंतराळवीर आयलीन कॉलिन्स यांचं अधिकृत छायाचित्र आहे. कोडॅकच्या २४ चित्रांचा संचही आहे. पीएसएनआर त्यांच्यावरही काढता येतो.