जन्मजात सैतान आणि घडवलेला सैतान : ‘फिअर नो ईव्हिल’ (१९८१) या भयपटाची चिकित्सा

प्रस्तावना

भयपट हा चित्रपटप्रकार आपल्याकडील समीक्षेत दीर्घकाळ उपेक्षित राहिला आहे. त्यातही अल्पखर्चात तयार झालेला, नामवंत नट नसलेला आणि कुमारवयीन प्रेक्षकांसाठी काढलेला भयपट म्हटला की तो गांभीर्याने पाहण्याच्या योग्यतेचा नाही, असे गृहीत धरले जाते. परंतु अशा चित्रपटांना कलात्मक सफाईचे ओझे नसते. त्यामुळे ज्या समाजात ते जन्मतात त्या समाजाची भीती त्यांतून अधिक उघडपणे व्यक्त होते. या दृष्टीने फ्रँक लालोजिया यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘फिअर नो ईव्हिल’ (१९८१) हा अमेरिकन चित्रपट अभ्यसनीय आहे. शाळेच्या अखेरच्या वर्षातील मुलांमध्ये सत् आणि असत् यांचा अतिमानवी संग्राम घडतो, अशी त्याची कल्पना आहे. या चित्रपटात दुष्टतेचा उगम कोठे मानला आहे आणि त्या मान्यतेमुळे कोणता प्रश्न दृष्टीआड होतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी व निर्मिती

१९७० च्या दशकात अमेरिकन भयपटाचा केंद्रबिंदू बालक व किशोर यांच्याकडे सरकला. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) मध्ये बारा वर्षांच्या मुलीला सैतानाने झपाटले. ‘द ओमेन’ (१९७६) मध्ये सैतानाचा पुत्र एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरी वाढला. त्याच वर्षी आलेल्या ब्रायन डी पाल्मा यांच्या ‘कॅरी’ने भयाला थेट शाळेच्या आवारात आणले. स्टीफन किंग यांच्या १९७४ च्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट सुमारे १८ लाख डॉलर खर्चून तयार झाला आणि त्याने निर्मितिखर्चाच्या कितीतरी पट उत्पन्न मिळवले. मोजक्या खर्चात शाळेतील भय विकता येते, हे त्यामुळे निर्मात्यांच्या ध्यानात आले. ‘फिअर नो ईव्हिल’ हे याच लाटेचे अपत्य होय.

लालोजिया हे न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरचे. लेखन व दिग्दर्शनाबरोबरच संगीतातही त्यांचा वाटा होता. तुटपुंज्या साधनांतही त्यांना एक गोष्ट आयती लाभली, ती म्हणजे सेंट लॉरेन्स नदीतील हार्ट आयलंड या बेटावरचा बोल्ट कॅसल. हॉटेल व्यवसायातील जॉर्ज बोल्ट यांनी पत्नीसाठी बांधायला घेतलेला हा वाडा १९०४ मध्ये तिचे निधन झाल्यावर अपुरा सोडून देण्यात आला व पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ ऊनपावसात पडून राहिला. चित्रपटातील सैतानाचे आश्रयस्थान म्हणजे हीच वास्तू. कोणत्याही नेपथ्यकाराला इतक्या कमी पैशांत उभे करता आले नसते असे ओसाड वैभव त्यामुळे पडद्यावर आले.

कथानकाची रूपरेषा

प्रारंभीच्या प्रसंगात राफाएल या देवदूताचा अवतार असलेला धर्मगुरू ल्युसिफरला ठार करतो. जगाच्या दृष्टीने मात्र तो एका माणसाचा खून ठरतो व धर्मगुरूला त्याची शिक्षा भोगावी लागते. पुढे विल्यम्स नावाच्या सामान्य कुटुंबात अँड्र्यूचा जन्म होतो. बाप्तिस्म्याच्या वेळीच अशुभ चिन्ह प्रकटते आणि त्या घराला उतरती कळा लागते. अठरा वर्षांनंतर अँड्र्यू हा एकलकोंडा, अबोल, परीक्षेत उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी झालेला असतो. आपण कोण आहोत याची जाणीव त्याला हळूहळू होऊ लागते. दुसरीकडे मिखाएल हा देवदूत मार्गारेट या वृद्ध स्त्रीच्या रूपात व गाब्रिएल हा ज्युली या शाळकरी मुलीच्या रूपात पृथ्वीवर असतो. गावातील येशूच्या दुःखसहनाच्या नाट्यप्रयोगात येशूची भूमिका करणाऱ्याच्या अंगावर खऱ्या जखमा उमटतात आणि बेटावरील वाड्यात अंतिम सामना होतो.

शाळा : दुष्टतेची अनुल्लेखित जन्मभूमी

वरील कथानकात शाळेला केवळ पार्श्वभूमीचे स्थान आहे. प्रत्यक्षात मात्र चित्रपटातील सर्वांत प्रत्ययकारी प्रसंग शाळेतच घडतात. सामुदायिक न्हाणीघरात टोनी नावाचा दांडगट मुलगा सर्वांदेखत अँड्र्यूची छेड काढतो व थट्टेखातर त्याचे चुंबन घेतो. ही थट्टा अनपेक्षितपणे त्याच्या हातून निसटते. सारी मुले पाहत असतात. कोणीही मध्ये पडत नाही. या प्रसंगातील लज्जा खरी आहे. ती उभी करण्यासाठी सैतानाची गरज पडलेली नाही.

येथे ‘कॅरी’च्या आरंभीच्या प्रसंगाची आठवण अपरिहार्य ठरते. तेथेही न्हाणीघरच आहे. पहिल्या ऋतुस्रावाने घाबरलेल्या कॅरीची तिच्या वर्गमैत्रिणी घोळक्याने टवाळी करतात. दोन्ही प्रसंगांत विवस्त्र, एकटे शरीर आणि त्याभोवतीचा समूह अशी मांडणी आहे. पण पुढे दोन्ही चित्रपटांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘कॅरी’मध्ये या प्रसंगापासून अखेरच्या संहारापर्यंत कार्यकारणाची साखळी अखंड आहे. धर्मवेडी आई, सूडाने पेटलेली क्रिस, आणि कॅरीचे नावही धड लक्षात न ठेवणारा मुख्याध्यापक हे सारे त्या संहाराचे भागीदार आहेत. सहानुभूती बाळगणाऱ्या क्रीडाशिक्षिकेचाही अपवाद करता येत नाही. ती मुलींना अपमानास्पद शिक्षा करते, त्यांतील एकीला थोबाडीत मारते आणि त्या शिक्षेचा सूड शेवटी कॅरीवरच उगवतो. कॅरीच्या ठायी असलेली शक्ती अतिमानवी असली तरी तिचा विध्वंसक वापर माणसांनी घडवून आणलेला आहे.

‘फिअर नो ईव्हिल’मध्ये ही साखळी पहिल्याच दृश्यात तोडून टाकलेली आहे. अँड्र्यू सैतान आहे, कारण तो सैतान म्हणूनच जन्मला. त्याची छेड झाली नसती तरीही तो तसाच झाला असता. परिणामी न्हाणीघरातील क्रौर्याला कथेच्या नैतिक हिशेबात काहीच किंमत उरत नाही. डॉजबॉलच्या प्रसंगात हे अधिक स्पष्ट होते. समोरच्या गड्याला चेंडू मारून बाद करण्याच्या या खेळात क्रीडाशिक्षकाने फेकलेल्या चेंडूने एका विद्यार्थ्याचा प्राण जातो. शिक्षकाच्या हातून, शिक्षकाच्या देखरेखीखाली घडलेला हा मृत्यू आहे. परंतु तो अँड्र्यूच्या अदृश्य शक्तीने घडला असे दाखवून चित्रपट शिक्षकाला जबाबदारीतून मुक्त करतो. दुर्बलांवर नेम धरण्यास शिकवणारा तो खेळ आणि त्या खेळाला शिस्त मानणारी ती शाळा यांच्याविषयी मग कोणालाच प्रश्न पडत नाही.

टोनीला मिळणारी शिक्षाही तपासण्यासारखी आहे. त्याच्या शरीराला स्त्रीचे स्तन फुटतात आणि ते पाहून तो आत्मघात करतो. पुरुषाचे शरीर स्त्रीसारखे होणे हीच येथे परम विटंबना मानली आहे. अखेरीस प्रकट होणारा ल्युसिफरही स्त्री-पुरुष या सीमारेषेवरच रंगवला आहे. जो मुलगा इतर मुलांसारखा नाही त्याच्याविषयी शाळेतील टोळक्याचे जे मत होते, तेच मत चित्रपटाने शेवटी खरे ठरवले. टोळके त्याला विकृत म्हणत होते. चित्रपट त्याला सैतान म्हणतो. या दोहोंमधील अंतर फारसे नाही.

सत् पक्षाची मर्यादा

सत् पक्षाच्या चित्रणात एक गोष्ट स्वागतार्ह आहे. देवाचे सैनिक म्हणून येथे एक वृद्धा व एक शाळकरी मुलगी पुढे येतात. ज्या चित्रपटप्रकारात स्त्री बहुधा बळी म्हणून अवतरते, त्यात ही निवड निश्चितच वेगळी आहे. तथापि या पक्षाचे चांगुलपणही जन्मदत्तच आहे. ज्युलीला चांगले व्हायचे की नाही, हे ठरवण्याचा प्रसंगच येत नाही. ती कोण आहे याची तिला केवळ आठवण करून दिली जाते. जेथे दोन्ही बाजूंना निवड नाही तेथे संग्राम असू शकतो, पण नैतिक नाट्य संभवत नाही.

‘डेमियन : ओमेन २’ (१९७८) हा चित्रपटही जन्मजात दुष्टतेच्याच कल्पनेवर उभा आहे. पण लष्करी शाळेत शिकणाऱ्या डेमियनला स्वतःची ओळख पटते तेव्हा तो हादरतो, पळत सुटतो आणि हे आपल्याच वाट्याला का आले असे आक्रंदून विचारतो. त्या एका क्षणापुरता तो सैतानाचा पुत्र राहत नाही, तर कोणीही किशोर असतो. स्टीफन आर्नग्रिम यांच्या चेहऱ्यावर अँड्र्यूची अशी घालमेल अधूनमधून दिसते. पटकथेने मात्र तिला वाव दिलेला नाही.

संगीताची विसंगती

चित्रपटात त्या काळच्या पंक व तत्सम संगीताचा मुबलक वापर आहे. सेक्स पिस्टल्स, रमोन्स, टॉकिंग हेड्स, पॅटी स्मिथ यांची गीते त्यात ऐकू येतात. त्यांतील बूमटाउन रॅट्सचे ‘आय डोन्ट लाइक मंडेज’ हे गीत विशेष लक्षणीय आहे. जानेवारी १९७९ मध्ये सॅन दिएगो येथील एका प्राथमिक शाळेवर सोळा वर्षांच्या मुलीने केलेल्या गोळीबारातून ते गीत सुचले. त्या घटनेने अमेरिकेला अस्वस्थ केले ते कारण न सापडल्यामुळे. म्हणजे पडद्यावर सैतान हे सोपे उत्तर दिले जात असताना ध्वनिपट्टीवर मात्र उत्तर नसलेला प्रश्न विचारला जात आहे. ही विसंगती हेतुपुरस्सर असेल असे वाटत नाही. तरीही चित्रपटाचे सर्वाधिक सत्य तिच्यातच सामावलेले आहे.

जन्म की संस्कार?

दुष्टता रक्तातून येते, ही कल्पना आपल्या वाचकाला अपरिचित नाही. पण तिला छेद देणारी कथाही त्याला बालपणापासून ठाऊक असते. भागवताच्या सातव्या स्कंधातील प्रल्हाद हा असुरराजाचा मुलगा. शुक्राचार्यांचे पुत्र शंड व अमर्क यांच्या पाठशाळेत तो शिकतो आणि गुरू नसताना सवंगड्यांना भक्तीचा उपदेश करतो. ही बुद्धी त्याला कोणी शिकवलेली नसून उपजतच आहे, असे गुरुपुत्र सांगतात. स्वतः प्रल्हाद मात्र आपण मातेच्या उदरात असताना नारदांचे बोल ऐकले, असे सांगतो. म्हणजे त्याचे चांगुलपण कुळातून आलेले नाही, ते श्रवणातून आले आहे. शिष्याच्या वर्तनाचे कारण त्याच्या उपजत स्वभावावर ढकलणारे गुरू आणि तेच कारण संस्कारात शोधणारा शिष्य, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. ‘फिअर नो ईव्हिल’ शंड-अमर्कांच्या बाजूने उभा राहतो.

निष्कर्ष

असे असले तरी लालोजिया यांना या एकाच चित्रपटावरून जोखणे अन्यायाचे होईल. सात वर्षांनी त्यांनी ‘लेडी इन व्हाइट’ (१९८८) काढला. त्याचे कथानक १९६२ मधील एका छोट्या गावात घडते. तेथे भूत आहे, पण ते पीडित मुलीचे आहे. मुलांचा खुनी मात्र कुटुंबाच्या विश्वासातला एक माणूस निघतो. गाव मात्र संशय घेते ते शाळेतील कृष्णवर्णीय सफाई कामगाराचा आणि त्या संशयापायी त्या निरपराध माणसाचा जीव जातो. सैतान कोण, हे समाजाने आधीच ठरवून टाकले की खरा अपराधी निर्धास्त फिरतो, हे दिग्दर्शकाला येथे उमगलेले दिसते. ‘फिअर नो ईव्हिल’मधील उणिवेवरील सर्वांत मार्मिक भाष्य त्याच्याच कर्त्याने केले आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा भेद केवळ चित्रपटसमीक्षेपुरता नाही. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ याने छळ करणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा ठेवली, त्याचप्रमाणे तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखाने अपराधाला साहाय्य केले असे मानण्याची तरतूदही केली. कायद्याची ही दृष्टी ‘कॅरी’च्या जवळची आहे, पाहणारे आणि न पाहणारेही तीत सामील धरले आहेत. वर्गातील अबोल, एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याविषयी ‘तो मुळातच तसा आहे’ असे आपण शिक्षकदालनात सहज बोलून जातो. ‘फिअर नो ईव्हिल’ याच वाक्यावर रचलेला चित्रपट आहे. त्यातील न्हाणीघराचा प्रसंग पाहताना आपली नजर अँड्र्यूवर न ठेवता भोवती उभ्या असलेल्या मुलांवर, आणि त्या दालनात नसलेल्या शिक्षकावर ठेवली, तर हा सदोष चित्रपटही आपल्याला उपयोगी पडू शकेल.