शिशाच्या पट्टीचं श्रेय

पॉझिट्रॉनची पाठ्यपुस्तकी गोष्ट सुबक आहे: डिरॅकने १९३१ साली भाकीत केलं, कार्ल अँडरसनने १९३२ साली कण शोधला. पण ही गोष्ट अँडरसनच्या फोटोवर अन्याय करते.

२ ऑगस्ट १९३२ला कॅलटेकमध्ये घेतलेला हा फोटो नीट बघा. क्लाउड चेंबरच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीची शिशाची आडवी पट्टी, तिला छेदून गेलेली एक वाकडी रेघ. बस्स.

अँडरसन प्रतिकण शोधतच नव्हता. तो वैश्विक किरणांची ऊर्जा मोजत होता. आधीच्या फोटोंतल्या काही रेघा त्याला वर जाणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वाटत होत्या, तर त्याचे वरिष्ठ मिलिकन यांना खाली येणाऱ्या प्रोटॉनच्या. चुंबकीय क्षेत्रातल्या नुसत्या रेघेवरून कणाची दिशा कळत नाही. म्हणून ती पट्टी.

शिशातून जाताना कणाची ऊर्जा घटते, म्हणून पलीकडे तो जास्त वळतो. इथे वरची बाजू जास्त वाकलेली आहे; म्हणजे कण खालून वर गेला आणि त्याचा भार धन. प्रोटॉन असता तर अर्ध्या सेंटिमीटरभरात थांबला असता. ही रेघ ५ सेंटिमीटरहून लांब आहे. थोडक्यात, गुरू-शिष्य दोघांचेही अंदाज चुकले.

डिरॅकचं समीकरण सुंदर आहेच. पण हा फोटो त्याचं चित्ररूप नव्हे. आपलं म्हणणं खोटं ठरू शकेल अशी पट्टी मधोमध ठेवणं, हेच त्याचं मोठेपण.