रिकिबीने खरंच सरंजामशाही आणली का?

पुरावा आणि निष्कर्ष यांच्यात किती अंतर असू शकतं, हे समजून घ्यायचं असेल तर लिन व्हाइट यांचं 'मिडीव्हल टेक्नॉलॉजी अँड सोशल चेंज' (१९६२) वाचा. पुस्तक जबरदस्त आहे. त्यातला सगळ्यात गाजलेला दावा मात्र टिकत नाही. दोन्ही कारणांसाठी वाचा.

दावा असा: रिकिबीत पाय रोवून, भाला काखेत दाबून स्वार धावला की फक्त हाताचा जोर नाही, तर घोड्याचा सगळा वेग भाल्याच्या टोकाशी येतो. आठव्या शतकात रिकीब फ्रँक लोकांकडे पोचली आणि चार्ल्स मार्टेलने तिचं मोल ओळखलं. पण घोडा, शस्त्रं, सराव हे सगळं महागडं. म्हणून त्याने चर्चच्या जमिनी काढून घेऊन स्वारांना दिल्या. जमिनीच्या बदल्यात लष्करी चाकरी, म्हणजेच सरंजामशाही.

मी फिजिक्सवाली. एका कारणातून एवढा मोठा परिणाम निघताना बघून पहिल्या वाचनात खूशच झाले होते!

व्हाइट यांचं मोठेपण साधनांच्या निवडीत आहे. तेव्हा लिहिणारे बहुतेक धर्मगुरू. खोगीर-रिकिबीबद्दल ते कशाला लिहितील? म्हणून व्हाइट थडग्यांतल्या वस्तू, चित्रं, शब्दांतले बदल, शस्त्रांचे आकार हे सगळं एकत्र आणतात. फेकायची कुऱ्हाड मागे पडते, आडव्या दांडीचा भाला येतो. यातून ते लढण्याची पद्धत बदलल्याचं अनुमान काढतात.

गडबड इथेच आहे. १९६३ मध्ये सॉयर आणि हिल्टन यांनी या मांडणीवर कडाडून टीका केली, १९७० मध्ये बॅकरॅक यांनी. त्या काळच्या थडग्यांत रिकिबी फार थोड्या सापडतात. अर्थात, ख्रिस्ती लोकांत वस्तूंसह पुरायची चाल कमी होत गेली, त्यामुळे 'सापडली नाही म्हणजे नव्हतीच' असंही म्हणता येत नाही. पण मग त्या पुराव्यावर एवढी मोठी इमारतही उभी करता येत नाही. शिवाय अकराव्या शतकातल्या बायो पटावर, म्हणजे तीनशे वर्षांनंतरही, कित्येक स्वार भाला डोक्यावर उगारूनच धरतात.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा खुद्द व्हाइट यांनीच दिलाय. ते म्हणतात, तंत्रज्ञान फक्त दार उघडतं, आत जायची सक्ती करत नाही. अँग्लो-सॅक्सन लोकांकडे रिकीब होती, तरी ते पायीच लढले. मग फ्रँकच आत का गेले? याचं उत्तर रिकिबीत नाही, त्यांच्या समाजात शोधावं लागतं. म्हणजे मूळ कारण रिकीब उरतच नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी एक करून बघा. प्रत्येक दाव्यासमोर पुरावा लिहा आणि विचारा: हा पुरावा वस्तू *होती* एवढंच सांगतो, ती *कशी वापरली* हे सांगतो, की तिच्यामुळे *काय बदललं* हेही सांगतो? चार आण्याच्या पुराव्यावर रुपयाचा दावा कुठे केलाय, ते लगेच दिसेल. माझ्या पहिल्या मसुद्यात असे बरेच सापडले होते.