खिडकीतलं खाचर

श्रावणात बेणणीच्या वेळी नाणे मावळातल्या खाचरातून पाय उपसला की तळाचा काळा चिखल वर येतो आणि त्यासोबत सडक्या अंड्याचा पुसट वास. वर पाण्याला आभाळ दिसतं आणि वीतभर खाली हवेचा मागमूस नसलेलं दुसरंच जग असतं. ते जग डोळ्यांनी पाहायची सोय रशियन साम्राज्यात, कीव्हमध्ये जन्मलेल्या सर्गेई विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञामुळे झाली. काचेच्या उभ्या बरणीतल्या चिखलाला आजही त्याच्याच नावाने विनोग्राड्स्की स्तंभ म्हणतात. मला ही बरणी एक श्रेष्ठ रचना वाटते.

सामग्री अगदी घरगुती. खाचरातला चिखल, वर्तमानपत्राचे कपटे, अंड्याचा पिवळा बलक, कुटलेलं टरफल आणि शाळेतल्या खडूची पूड (हा खडू बहुधा जिप्समचाच असतो). वर दोन बोटं पाणी. बरणी खिडकीत ठेवायची आणि आषाढापासून दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही.

ही बरणी वाचायची ती तळापासून. तळाचे जिवाणू कागद कुजवतात. त्यातून निघालेल्या आम्लांवर दुसरे जगतात आणि खडूतल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. हा वायू चिखलातल्या लोहाला भेटतो आणि चिखल काळा पडतो. त्या काळ्यावर आधी शेवाळी हिरवा पट्टा येतो, त्याच्यावर जांभळा. हिरव्या गंधकजिवाणूंना हा विषारी वायू जास्त सोसतो आणि उजेड कमी पुरतो, म्हणून ते खाली. जांभळ्यांचं उलट. पाण्यालगत ऑक्सिजन सोडणारे नीलहरित जिवाणू. खालच्याची विष्ठा वरच्याचं अन्न होते, आणि कोणी कुठे राहायचं हे उजेड आणि वायू यांच्या ओढाताणीत ठरतं. माझ्या बरणीची खोलीकडची बाजू काळीच राहिली. रंग उमटले ते फक्त खिडकीकडच्या काचेवर. या रचनेतली ही जागा मला सगळ्यांत आवडते.

रचनेत उणिवाही आहेत, आणि त्या मोठ्या आहेत. बरणीत भाताचं मूळ नाही. भाताच्या पोकळ पेशीजालातून हवा मुळापर्यंत उतरते, म्हणून उपटलेल्या रोपाची मुळं धुतली तर त्यांवर लोहाच्या गंजाचं तांबूस अस्तर दिसतं. बरणीतलं पाणीही साचलेलं असतं. मावळातलं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात बांधावरून वाहत राहतं, आणि लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो बरणीत कसा आणायचा?

शिवाय जो शेजारी रंग दाखवत नाही, तो इथे वाचताच येत नाही. तळातून मिथेन निघतो, आणि तो खाणारे जिवाणू वर, ऑक्सिजनच्या पातळ थरात राहतात. त्यांना ओळखायचं तर एकेकाला वेगळं काढावं लागतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भातखाचरांतून असे जिवाणू वेगळे केले. त्यातल्या एकाचा आकार काकडीसारखा, म्हणून नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. या एकट्या जिवाणूला पाहिल्यावर बरणीचं मोल मला कमी वाटलं नाही. तो कोणाच्या शेजारी राहतो, हे बरणीनेच आधी समजावलं होतं.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी तांदूळ आपल्या ताटात येतो. तो ज्या चिखलात वाढतो, त्यातला तांब्याभर यंदा शेतकऱ्याला विचारून आणा आणि बरणी भरा. झाकण मात्र घट्ट आवळू नका. तळाच्या वायूला वाट लागते.