थांबलेले पाऊल : कपिला वात्स्यायन आणि नृत्याची नोंद

साताऱ्याच्या उत्तर चिदंबरम नटराज मंदिरात गेलो की माझे कपिला वात्स्यायन यांच्याशी मनातल्या मनात भांडण सुरू होते. तेथील १०८ करणांची शिल्पयोजना पद्मा सुब्रह्मण्यम यांची. वात्स्यायन यांचा तिच्याशी संबंध नाही. पण हलणारे शरीर नोंदवायचे कसे, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न तेथे दगडात उभा आहे.

वात्स्यायन (१९२८–२०२०) अच्छन महाराजांकडे कथक शिकल्या. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात असताना रूडॉल्फ लाबान यांची कन्या युआना यांच्यामार्फत त्यांची लाबानच्या नृत्यलिपीशी ओळख झाली. ही लिपी खालून वर वाचायची. कोणता अवयव, कोणती दिशा, कोणती पातळी हे चिन्ह सांगते आणि चिन्हाची लांबी म्हणजे लागलेला वेळ. पुढे वासुदेवशरण अग्रवाल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काशीत पीएच.डी. केली आणि १९६८ मध्ये 'क्लासिकल इंडियन डान्स इन लिटरेचर अँड द आर्ट्स' हा ग्रंथ आला.

या ग्रंथाचे मोल मला एका गोष्टीत वाटते. मंदिरावरच्या मूर्तीला 'नृत्यमग्न अप्सरा' म्हणून मोकळे होण्याची सवय त्याने मोडली. गुडघा बाहेर वळला आहे का, भार कोणत्या पावलावर, कंबर कोणीकडे झुकली, असे प्रश्न त्यांनी विचारले. भारतीय नृत्याचा हिशेब स्नायूंपेक्षा सांध्यांचा आहे, हे त्यांचे निरीक्षण. भरतनाट्यमची अर्धमंडली त्रिकोणांत आणि मणिपुरीची चाल इंग्रजी आठच्या आकड्यात पाहायला त्यांनीच शिकवले.

माझी तक्रार इथून सुरू होते. लाबानच्या लिपीचा प्राण काळ. मूर्तीत नेमका तोच नाही. भारतीय नर्तक काळ थांबवणाऱ्या परिपूर्ण स्थितीचा ध्यास घेतो, असे वात्स्यायन मानत. त्यामुळे मूर्तीवरून नृत्य वाचणे त्यांना सोपे गेले. पण पहिलेच करण घ्या, तलपुष्पपुट. पुष्पपुट हस्त डाव्या बाजूला, पाऊल अग्रतलसंचर, पार्श्व सन्नत, एवढे नाट्यशास्त्र सांगते. हात तिथे कसा पोहोचला? करणात स्थान आणि नृत्तहस्त यांच्याबरोबर चारीही असते आणि चारी म्हणजे पायाची गती. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी करण ही मुद्रा नसून हालचाल आहे, हा आग्रह धरला, तो मला अधिक पटतो.

इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या संस्थापक संचालक असताना वात्स्यायन संगणकाकडे वळल्या. झेरॉक्स पार्कच्या सहकार्याने, रणजित मक्कुनी यांच्यासह, 'गीतगोविंद'चा मल्टिमीडिया प्रकल्प झाला. जयदेवाची अष्टपदी, लघुचित्रे, गायन, नृत्य एकाच पडद्यावर. १९९० च्या दशकात हे धाडसच होते. तरी प्रकल्पाचा कणा काव्य आहे, देह नव्हे. हलते चित्र हाती आले तेव्हा सांध्यांचा तो करडा हिशेब मागे पडला, याची मला चुटपुट लागते. आज मोशन कॅप्चरमध्ये नर्तकाच्या सांध्यांजवळ खुणा चिकटवतात आणि पडद्यावर हाडांचा सांगाडा नाचू लागतो. त्या सांगाड्याची आखणी १९६८ च्या पुस्तकात होती.

साताऱ्यात एकेका करणात शिव आणि पार्वती दोघे आहेत, एकाच हालचालीच्या दोन वेगळ्या क्षणी. मी त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे बघत बसतो.